धुराच्या नळीतले अदृश्य दार

मोटारसायकलची धुराची नळी कशासाठी असते? जळालेला वायू बाहेर टाकण्यासाठी आणि आवाज कमी करण्यासाठी, असे तुम्ही सांगाल. मग नळी जितकी मोकळी तितका एंजिनाला जोर अधिक, असे समजून कोणी सायलेन्सरच कापून टाकतो. टू-स्ट्रोक एंजिनात मात्र असे केल्यास जोर बहुधा घटतोच! असे का व्हावे?

या एंजिनात सिलिंडरच्या भिंतीलाच द्वारे असतात. एकातून हवा-पेट्रोलचे ताजे मिश्रण आत येते, दुसऱ्यातून धूर बाहेर जातो. वरखाली होणारा दट्ट्याच त्यांची उघडझाप करतो. अडचण अशी, की दट्ट्या वर जाताना मिश्रणाचे द्वार आधी मिटते आणि धुराचे नंतर. तेवढ्या वेळात न जळलेले मिश्रण निसटते. इंधन वाया जाते, शक्ती घटते आणि हवाही दूषित होते.

पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्याचे अभियंते वाल्टर काडेन यांनी १९५० नंतरच्या दशकात शर्यतीच्या एंजिनांसाठी यावरचा उपाय विकसित केला. त्यांची नळी आधी कर्ण्यासारखी रुंदावत जाते आणि पुढे नरसाळ्यासारखी निमुळती होते. धुराचे द्वार उघडताच दाबाचा तरंग नळीतून धावतो. रुंदावणाऱ्या भागातून कमी दाबाचा तरंग परततो व सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून घेतो. त्यासरशी थोडे ताजे मिश्रणही नळीत येते. इतक्यात निमुळत्या भागावरून जास्त दाबाचा तरंग परततो आणि ते मिश्रण पुन्हा आत ढकलतो. जणू अदृश्य दारच लागते!

हे दार वेळेवर लागायला हवे. एंजिन मिनिटाला १०,००० फेरे घेत असेल, तर एका फेऱ्याला ०.००६ सेकंद लागतो. शर्यतीच्या एंजिनात धुराचे द्वार सुमारे अर्धा फेरा, म्हणजे ०.००३ सेकंद उघडे असते. तप्त धुरात तरंगाचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर धरू. तेवढ्या वेळात तरंग दीड मीटर जाईल. हे अंतर जाऊन-येऊन आहे. म्हणून परावर्तनाची जागा सुमारे ७५ सेंटिमीटरवर हवी.

अशा नळीमुळे १९६१ साली काडेन यांच्या १२५ घनसेंटिमीटरच्या एंजिनाने सुमारे २५ अश्वशक्ती दिली, म्हणजे लिटरमागे २००!

पण लांबी ठरली की वेगही ठरला. एंजिन सावकाश फिरू लागले, की तरंग फार लवकर परततो आणि जोर ओसरतो. मोटारीच्या फोर-स्ट्रोक एंजिनालाही हा नियम लागू आहे. तेथे कमी दाबाचा तरंग झडप मिटण्यापूर्वी परतला, तर धूर काढायला मदत होते. म्हणूनच शर्यतीच्या गाड्यांत प्रत्येक सिलिंडरपासून निघणाऱ्या मॅनिफोल्डच्या नळ्या मोजून-मापून, शक्यतो सारख्या लांबीच्या करतात.

आता तुम्हीच काढा : मिनिटाला ५,००० फेरे घेणाऱ्या एंजिनासाठी हे अंतर किती लागेल? आणि तेवढी नळी मोटारसायकलवर मावेल का?