उन्हाळी सत्र मागून मिळते का?

दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावर विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यालय आहे. तिथून डिसेंबर 2022 मध्ये चार वर्षांच्या पदवीचा आराखडा निघाला. त्यात उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ आठवड्यांचे उन्हाळी सत्र सांगितले आहे. इंटर्नशिप करा, जादा विषय घ्या किंवा राहिलेला विषय सोडवा. आपल्याकडे एटीकेटी घेऊन पुढच्या वर्षात गेलेल्या मुलांना याचे मोल सांगायला नको.

पण हवा तो विषय शिकवला जाईलच, असे नाही. शिकवायला कोण आहे आणि विद्यार्थी किती, हे पाहून विद्यापीठाने विषय ठरवावेत, असे आराखड्यातच लिहिले आहे. म्हणून एकट्याच्या अर्जापेक्षा वर्गातल्या दहा-बारा जणांचा एकत्र अर्ज वजनदार ठरतो. तो परीक्षेआधीच विभागप्रमुखांकडे द्यावा. एकदा प्राध्यापक सुट्टीवर गेले की कोणीच हाती लागत नाही. विषयाचा कोड, क्रेडिट आणि तो आत्ताच का हवा, हे नेमके लिहावे. पुढचा विषय त्यावाचून अडत असेल तर ते आधी सांगावे.

हिशेबही करून पाहा. चार क्रेडिटचा विषय म्हणजे वर्गातले 60 तास. नेहमीच्या सत्राच्या पंधरा आठवड्यांत आठवड्याला चार तास पडतात, उन्हाळी सत्राच्या आठ आठवड्यांत साडेसात. मे-जूनच्या उन्हात असे दोन विषय एकदम घेणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही. एकच मागा. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावे: 40 क्रेडिटवर आणखी चार क्रेडिटचा व्यावसायिक विषय त्यांना याच सुट्टीत पूर्ण करावा लागतो.