इअरफोन काढले तरी कानात ‘सुंऽऽ’ वाजतंय? घाबरण्याआधी हे वाचा

रात्रीचे साडेअकरा. भंडाऱ्यातलं एखादं घर. दिवसभर भरती परीक्षेची लेक्चर्स ऐकून झालीत, मग गाणी, मग वेब सिरीजचा एक एपिसोड. इअरफोन काढून डबीत ठेवले, डोकं उशीला टेकवलं आणि कानात बारीक आवाज सुरू झाला. सुंऽऽऽ. कुणाला तो रातकिड्यांसारखा वाटतो, कुणाला शिट्टीसारखा. घरात विचारलं तर बाकी कुणालाच ऐकू येत नाही.

याला टिनिटस म्हणतात, मराठीत कर्णनाद. तो स्वतः आजार नाही, लक्षण आहे. कानात साठलेला मळ, संसर्ग, वाढता रक्तदाब, काही औषधं, वय अशी त्याची अनेक कारणं असतात. इअरफोन वापरणाऱ्या तरुणांमध्ये मात्र सगळ्यात आधी संशय घ्यावा लागतो तो मोठ्या आवाजावर.

बाहेर आवाज नाही, मग ऐकू काय येतं?

आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग असतो, कॉक्लिया. त्यात साधारण १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. आवाजाच्या लहरींनी त्या हलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. खूप मोठा किंवा खूप वेळ आवाज झाला की या पेशी थकतात, पुढे मरतात. माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत.

काही पेशी गेल्या की मेंदूकडे येणारा सिग्नल कमी होतो. मग मेंदू स्वतःचाच ‘व्हॉल्यूम’ वाढवतो, असं संशोधकांना वाटतं. रेडिओवर स्टेशन नीट लागलं नाही की खरखर ऐकू येते, तसंच काहीसं. म्हणूनच रात्री बाहेर शांतता झाली की हा आवाज जास्त जाणवतो. तो वाढलेला नसतो, त्याला झाकणारे बाकीचे आवाज कमी झालेले असतात.

१९५३ मध्ये अमेरिकेतल्या हेलर आणि बर्गमन यांनी ऐकू नीट येणाऱ्या ८० जणांना एकेक करून शांत खोलीत बसवलं. त्यातल्या जवळपास ९४ टक्के लोकांना कसला ना कसला आवाज ऐकू आला. म्हणजे अगदी शांततेत थोडा ‘सुंऽऽ’ जाणवणं ही लगेच धसका घेण्याची गोष्ट नाही.

पितळनगरीला आवाज नवा नाही

भंडारा ओळखला जातो पितळेच्या भांड्यांसाठी. धातू ठोकणाऱ्या कारागिरांचे कान जातात, हे इटलीतल्या डॉक्टर रामाझिनी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलं होतं. त्यांनी वर्णन केले होते तांब्याची भांडी घडवणारे कारागीर. फरक इतकाच, की तेव्हा हा धोका कामाच्या जागेपुरता होता. आता हातोडा खिशात असतो आणि तो कधी थांबवायचा, हे आपल्याच हातात असतं.

किती आवाज, किती वेळ?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातले १०० कोटींहून जास्त तरुण ऐकण्याच्या चुकीच्या सवयींमुळे धोक्यात आहेत. संघटनेने दिलेली मर्यादा अशी:

- ८० डेसिबल: आठवड्याला ४० तास
- ९० डेसिबल: आठवड्याला ४ तास
- १०० डेसिबल: आठवड्याला फक्त २० मिनिटं

आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. अनेक फोन पूर्ण व्हॉल्यूमवर १०० डेसिबलच्या पुढे जातात.

खरी गडबड होते प्रवासात. भंडारा ते नागपूर साधारण ६० किलोमीटर. एसटीच्या इंजिनाचा आवाज, हॉर्न, शेजारच्याच्या गप्पा. या सगळ्यावर मात करायला व्हॉल्यूम नकळत वाढतो. म्हणून गोंगाटात कान नीट झाकणारे किंवा नॉइज कॅन्सलेशन असलेले हेडफोन उपयोगी पडतात, पण त्यांचा फायदा व्हॉल्यूम खरोखर कमी ठेवला तरच. फोनच्या सेटिंगमध्ये व्हॉल्यूमची मर्यादा ठरवता येते. साधारण ६० टक्क्यांच्या आत ठेवा आणि तासाभराने कानांना विश्रांती द्या.

आवाज सुरू झालाय, आता?

वरातीतल्या डीजेनंतर किंवा झाडीपट्टीच्या नाटकात स्पीकरजवळ बसल्यावर वाजणारे कान बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत शांत होतात. पण तो कानाने दिलेला इशारा असतो. पुढच्या वेळी लांब बसा, फोमचे इअरप्लग घाला.

आठवडाभरात आवाज गेला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. सुरुवात जिल्हा रुग्णालयापासून करता येते.

टिनिटस पुसून टाकणारी गोळी अजून नाही. पण त्याचा त्रास कमी करता येतो:

- झोपताना पूर्ण शांतता नको. पंखा किंवा पावसाचा आवाज अगदी हळू, इअरफोनशिवाय लावा.
- ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्रामुळे अनेकांचा टिनिटसही सौम्य होतो.
- कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी या समुपदेशनाचे पुरावे सगळ्यात भक्कम आहेत. त्याने आवाज बंद होत नाही, पण त्याची भीती आणि त्रास कमी होतो.
- ‘आज वाजतोय का?’ हे सतत तपासू नका. लक्ष दिलं की तो मोठा वाटतो.

कानात गरम तेल, लसणाचा रस किंवा काडी घालू नका. पडद्याला छिद्र असेल तर नुकसान वाढतं.

मग हेडफोन कायमचे बंद?

नाही. त्रास नवा असताना काही दिवस सुट्टी द्या, मग कमी व्हॉल्यूमवर पुन्हा सुरू करा. ऐकल्यावर आवाज वाढत असेल तर व्हॉल्यूम किंवा वेळ आणखी कमी करा. दिवसभर कानात बोळे घालून फिरणंही चुकीचं. त्याने कान साध्या आवाजालाही बिचकू लागतात.

थांबू नये असं कधी?

अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. यात उपचार जितके लवकर तितकी आशा जास्त. जून २०२४ मध्ये गायिका अलका याज्ञिक यांनी आपल्याला अचानक ऐकू येईनासं झाल्याचं सांगितलं होतं. त्यामागे विषाणूचा हल्ला असल्याचं निदान होतं, हेडफोन नव्हे. तरीही मोठ्या आवाजापासून आणि हेडफोनपासून जपा, असं त्यांनी चाहत्यांना आवर्जून सांगितलं.

आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्यासोबत धडधडत असेल, चक्कर येत असेल किंवा चेहरा एका बाजूला ओढला जात असेल, तरीही वाट पाहू नका.

आणि या आवाजामुळे झोप उडाली, जगणं नको वाटू लागलं, तर एकटे कुढू नका. टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कधीही, मराठीतही बोलता येतं. कानातला आवाज इतरांना ऐकू येत नसला, तरी त्याचा त्रास खरा असतो.