टेस्ला बाहेर, एक्सॉन आत

पर्यावरण, समाज आणि कारभार (ईएसजी) यांतल्या गुणांवर कंपन्या निवडणाऱ्या ‘एस अँड पी 500 ईएसजी’ निर्देशांकातून मे 2022 मध्ये विजेच्या गाड्या बनवणारी टेस्ला वगळली गेली. तेल उपसणारी एक्सॉन मोबिल मात्र राहिली. इलॉन मस्क भडकले, ते ओघानं आलंच. पण गुण देणाऱ्यांनी नुसता धूर मोजला नव्हता. कारखान्यातल्या वंशभेदाच्या तक्रारीही त्यात होत्या, आणि तुलना होती ती आपापल्या उद्योगातल्या कंपन्यांशी.

बर्ग, कोएल्बेल आणि रिगोबोन या संशोधकांनी सहा मूल्यांकन संस्थांनी दिलेले ईएसजी गुण ताडून पाहिले. त्यांच्यातला सहसंबंध सरासरी 0.54 निघाला, कर्जाच्या पतमानांकनात तो 0.9 च्या वर असतो. निम्म्याहून अधिक तफावत मोजण्याच्या रीतीतून येते. कामगारांशी वागणूक कशी, हे एक जण नोकरी सोडणाऱ्यांच्या प्रमाणावरून ठरवतो, दुसरा कोर्टातल्या खटल्यांवरून.

कंपन्या हे पुरतं ओळखून असतात. प्रश्नावल्या भरायला माणसं नेमली जातात, सल्लागार येतात. जिथे धोरणाच्या कागदाला गुण आहेत तिथे कागद आधी तयार होतो. यंत्रं बदलण्यापेक्षा तो स्वस्तच पडतो. ‘एमएससीआय’ या मूल्यांकन संस्थेची ‘एएए’ ते ‘सीसीसी’ श्रेणी तर कंपनी जगाचं किती बिघडवते हे सांगतच नाही. पर्यावरण, समाज आणि कारभार यांतल्या जोखमींचा कंपनीच्या कमाईला किती धोका, एवढंच सांगते. जाहिरातीत हा फरक सोयीनं गळतो.

आपल्याकडे शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीनं 2022-23 पासून आघाडीच्या 1000 सूचिबद्ध कंपन्यांना ‘बीआरएसआर’ हा जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. त्यात पाणी, वीज, कचरा यांचे यंदाचे आणि गेल्या वर्षीचे आकडे शेजारी-शेजारी द्यावे लागतात. मी आधी तेच पान उघडतो.