मृग लागला, पण पेरायचं कधी?

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटात मोठा वाद झाला. मृगाची पहिली सर आली तशी दोघींच्या घरी सोयाबीन पेरलं. पुढे पंधरा दिवस आभाळ कोरडं. दुबार पेरणी आली. बियाण्यासाठी आधीच गटातून कर्ज घेतलेलं, आता पुन्हा द्यायचं का? दिलं आम्ही. पण तेव्हाच ठरवलं, यावर रेडिओवर बोलायचं.

पाऊस पडायची रीतच बदलली आहे. हवा 1 अंशाने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त वाफ मावते. मग पाऊस येतो तो एकदम ओतल्यासारखा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 1950 ते 2015 या काळातल्या नोंदी पाहिल्या. मध्य भारतात मोठ्या भागावर एकाच वेळी होणारी अतिवृष्टी तिपटीने वाढल्याचं त्यांना दिसलं. आपला महाराष्ट्रही त्यात आला. मधल्या उघडिपीही जीवघेण्या. 2023 चा ऑगस्ट हा देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, आणि नेमकं तेव्हाच सोयाबीन फुलात, शेंगा धरण्यात असतं. काढणीला पाऊस आला तर शेंगेतच कोंब फुटतात, हे तर आपण सगळ्यांनी पाहिलंय.

म्हणून कृषी विद्यापीठं सांगतात, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. शेजाऱ्याने तिफण जुंपली म्हणून आपण जुंपायची, हे आता परवडत नाही. पेरणी कधी ते घरातले पुरुष ठरवतात, हे आम्हालाही माहीत आहे. पण कर्जाचा हप्ता आपल्या नावावर असतो, तेव्हा विचारायला काय हरकत आहे?

घरचं बियाणं असेल तर उगवण आधीच तपासा. निवडून घेऊ नका, पोत्यातून येतील तसे 100 दाणे घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी मांडा, वर दुसरा ओला तुकडा टाका, गुंडाळून सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा. सहा-सात दिवसांनी चांगले कोंब मोजा. 70 किंवा जास्त उगवले तर एकरी 30 किलो पुरतं. त्याहून थोडे कमी आले तर बियाणं वाढवा. 60 च्याही खाली गेले तर ते पेरायचं नाही. सोयाबीनची साल फार नाजूक असते. पोती आपटू नका, उंच थप्पी लावू नका.

नुसतं सोयाबीन पेरण्यापेक्षा चार ओळींमागे दोन ओळी तूर घ्या. तुरीचं मूळ खोल जातं आणि ती उशिरा फुलते, त्यामुळे ऑगस्टच्या उघडिपीत सोयाबीन गेलं तरी तूर हाती लागू शकते. रुंद वरंबा सरी पाडली तर जादा पाणी सरीतून निघून जातं आणि वरंब्यात ओलही टिकते. त्या यंत्राचं भाडं मात्र आधी विचारून घ्या.

येत्या बैठकीला प्रत्येकीने घरच्या बियाण्याचे 100 दाणे आणि गोणपाटाचा तुकडा आणा. तिथेच मांडू.