काचेपलीकडचं भोगवर्धन

संग्रहालयात शिरलं की पाय आधी तलवारींकडे वळतात. छत्रपती संभाजीनगरात महापालिकेच्या संग्रहालयात शस्त्रं आणि चिलखतं आहेतच, ती जरूर पाहावीत. पण डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या इतिहास वस्तुसंग्रहालयात जाल तेव्हा कुणीतरी जाणकार सोबत असू द्या, आणि खापरांपाशी थांबा. पाटी वाचून पुढे जाणाऱ्याला तिथे फुटकी मडकी दिसतात. समजावून सांगणारा भेटला, तर तीच खापरं बोलू लागतात.

सातवाहनांच्या काळातलं एखादं खापर घ्या. बाहेरून लाल, आतून आणि काठाशी काळं. पाहणाऱ्याला वाटतं, दोन रंग दिले असतील. रंग मुळीच दिलेला नाही! कुंभारानं भांडं आव्यात उपडं ठेवलं. बाहेरच्या अंगाला हवा लागली, मातीतलं लोह लाल झालं. उपड्या तोंडाच्या आत, खालच्या राखेत, हवा पोचली नाही आणि तेवढा भाग काळा पडला. दोन हजार वर्षांपूर्वी ते भांडं कसं ठेवलं होतं, हे आज रंगावरून सांगता येतं.

शेजारचे मणी पाहा. अकीक, गोमेद हे आपल्याच काळ्या पाषाणाच्या पोटातले दगड. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे पाण्याबरोबर आलेली सिलिका साचली. काही दगड तापवले की जास्त लाल होतात, हेही जुन्या कारागिरांना ठाऊक होतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याच्या समुद्रप्रवासाच्या टिपणात, म्हणजे ‘पेरिप्लस’मध्ये, पैठणहून गोमेद गाड्यांवर लादून भडोच बंदराला जात असल्याची नोंद आहे. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर, असं अंतरही त्यानं दिलंय. गाडीवाटेचे वीस दिवस! एवढ्या लांब दगड वाहून नेणं परवडत होतं, यावरून पलीकडच्या गिऱ्हाइकाची हौस कळते.

पैठण, तेर, भोकरदन इथल्या पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्ती आतून पोकळ असतात. पुढची बाजू एका साच्यात, पाठ दुसऱ्यात, मग दोन्ही जोडायच्या. कडेनं बारकाईनं पाहिलं तर सांधा सापडतो. दुहेरी साच्याची ही रीत रोमन जगातून आली असावी, असं अभ्यासक मानतात.

आणि जाणाऱ्या वस्तूंचं काय? १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या ढिगाऱ्यात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. वीतभर उंचीची, दागिन्यांनी मढलेली, दोन्ही बाजूंना दासी, आणि तळाशी खरोष्ठी अक्षर. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. पुढे १९७३मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली भोकरदनला उत्खनन केलं, तेव्हा तशाच घडणीची एक मोडकी हस्तिदंती मूर्ती हाती आली. तेरलाही तिची बहीण शोभावी अशी मूर्ती सापडली आहे. पॉम्पेईची मूर्ती नेमकी कुठे घडली, यावर वाद आहे. पण तिची शैली मराठवाड्याला परकी नाही, एवढं नक्की.

मला सगळ्यात थरारक वाटतो तो काळाचा हिशोब. पॉम्पेईला गाडणारा व्हेसुव्हियस फुटला इसवी सन ७९मध्ये. राखेखाली गाडलेली मूर्ती त्याआधीचीच असणार. म्हणून केळणा नदीकाठच्या भोकरदनमधल्या त्या तुकड्याचा काळ जोखायला इटलीतला ज्वालामुखी उपयोगी पडतो. भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन, आणि सांचीच्या स्तूपावरच्या दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचा उल्लेख आहे. म्हणजे इथली माणसंही दूरवर पोचली होती. जालना जिल्ह्यातलं ते गाव संभाजीनगरहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. संग्रहालय पाहून झालं की दुसऱ्या दिवशी तिकडे जाच.