जुनी गाडी, नवी धास्ती

बचत गटाच्या कामाला नवेगाव बांधहून कधी अर्जुनी, कधी साकोली. एसटीची वाट पाहून कंटाळले आणि आरडी मोडून जुनी गाडी घ्यायचं ठरवलं.

‘मारुती आठशे स्वस्तात मिळते,’ हे म्हणाले. पण तिचं उत्पादन २०१४ मध्येच थांबलं. पंधरा वर्षं झाली की फिटनेस तपासून नोंदणी पुन्हा करावी लागते. तो खर्च कोण धरणार?

मग एक अल्टो पाहिली. रंग चकचकीत, मीटरवर जेमतेम तीस हजार किलोमीटर. पण क्लचच्या पायडलचं रबर पार गुळगुळीत! रोज भांडी घासणाऱ्या बाईला झीज कळते हो. सकाळी गार इंजिन सुरू केलं तर मागून निळा धूर. ‘ऑइल जळतंय,’ मेकॅनिक म्हणाला. चटई उचलली तर खाली गंज. विकणारा म्हणे, ‘ताई, तुम्हाला काय कळतं त्यातलं?’ नमस्कार केला नि निघाले.

दुसरी अल्टो रंगाने विटकी, पण इंजिन ठणठणीत. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरले, विमाही चौदा दिवसांच्या आत माझ्या नावावर करायला दिला. सध्या मुलगा चालवतो. माझं लर्निंग लायसन्स परवाच निघालं.