मीनाकारीचं घड्याळ आणि आपल्या घरातल्या जुन्या वस्तू

सोन्याच्या दागिन्यात लाल-हिरवा चकचकीत रंग भरलेला तुम्ही पाहिला असेल. ती मीनाकारी. याच कामाने सजवलेल्या घड्याळांविषयी आज आम्ही बोलणार आहोत.

सेलूला या घड्याळांचं काय, असं वाटेल. पण १९४८ पर्यंत आपला भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या हैदराबादेत मीर युसूफ अली खान, म्हणजे तिसरे सालारजंग, यांनी देशोदेशीच्या वस्तू जन्मभर जमवल्या. ते १९४९ साली वारले आणि १९५१ साली त्यांचा संग्रह सर्वांना पाहायला खुला झाला. सालारजंग संग्रहालयात फ्रान्स, इंग्लंड, स्वित्झर्लंडची घड्याळं आहेत. एका घड्याळात दर तासाला छोटा दाढीवाला माणूस बाहेर येऊन टोले देतो. ते पाहायला गर्दी होते. सेलूवरून जाणारा मनमाडचा लोहमार्ग पुढे सिकंदराबादला पोचतो. गटाची सहल न्यायला हरकत नाही.

मीना म्हणजे साधा रंग नव्हे, ती काच असते. काचेची बारीक भुकटी करतात. त्यात कोबाल्ट असलं की निळा रंग येतो, तांब्याने हिरवा, कथिलाने पांढरा. ही भुकटी पाण्यात भिजवून धातूवर बसवतात आणि सुमारे ८०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजतात. काच वितळून धातूला घट्ट धरते. जयपूरचे कारागीर धातू कोरून त्या खोलगट जागी मीना भरतात. दुसऱ्या रीतीत सोन्याच्या केसासारख्या तारेची नक्षी करून तिच्या घरांत रंग भरतात. प्रत्येक थर पुन्हा भाजायचा. शेवटच्या भाजणीत तडा गेला तर सगळी मेहनत वाया. म्हणून ही घड्याळं महाग.

स्वित्झर्लंडचं जिनिव्हा शहर या कामासाठी प्रसिद्ध. धर्मासाठी छळ झालेले फ्रान्समधले कितीतरी कारागीर तिथे येऊन राहिले आणि घड्याळाचा धंदा वाढला. आजही नामांकित स्विस कंपन्यांसाठी हे काम करणाऱ्यांत अनिता पोर्शे या बाईंचं नाव फार मानाने घेतलं जातं.

आता आपल्या घराकडे वळू. आजोबांचं साखळीचं घड्याळ पेटीत पडलं असेल, तर त्याची पांढरी तबकडी नीट पाहा. कागद पिवळा पडतो, रंग उडतो. मीना मात्र काचेसारखी चमकते. तिच्यावर केसासारखे तडे दिसू शकतात.

अशी वस्तू चिंचेने, राखेने किंवा साबणाने घासू नका. मऊ कोरड्या सुती कापडाने हलकेच पुसा. आपटू देऊ नका, टवका उडाला तर पूर्वीसारखा भरून येत नाही. दारावर आलेल्या भंगारवाल्याला वजनावर देऊ नका. दोन-तीन जाणकारांना दाखवा. वस्तू कोणाची, कधी आणली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून विचारून वहीत लिहा, फोटो काढून ठेवा.

कायदाही माहीत असू द्या. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी कलावस्तू विक्रीसाठी परदेशी पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्याकडे परवाना लागतो. विकत घ्यायला कोणी आला, तर आधी परवाना दाखवायला सांगा. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने घरातली एक जुनी वस्तू आणावी आणि तिची माहिती सांगावी.